तेरा कमी

मोतीमहालाच्या मागच्या जिन्याने चढलं की
उजवीकडे आमची खोली. नियोजन, कक्ष तीन.
खिडकीतून किल्ल्याचा एक तुकडा दिसतो,
बाकीचा कूलरने अडवलाय.

हरविलास आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती.
बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
नाल्यावर रपटा हवा.
रपटा, म्हणजे आपला फरशीपूल.
घरी मी मराठी बोलते, त्याच्याशी त्याची बोली,
फायलीत हिंदी, वर जाताना इंग्रजी.
प्रत्येक पायरीवर नाल्याचं पाणी थोडं कमी होतं.

जिल्ह्याने ठराव केला होता:
घाटीगावकडची अकरा गावं आधी, शहर नंतर.
मीच टाइप केला होता.
नकाशा होता, खडी कुठल्या खाणीतून तेही ठरलेलं,
पैसाही होता,
दिल्लीच्या शीर्षाखाली.

पोर्टलने विचारलं, लोकसंख्या?
भरली, चारशे सत्त्याऐंशी.
चौकट लाल झाली.
पाचशेच्या खाली पूल बसत नाही.
स्वागत-कमान बसते. तिला माणसं लागत नाहीत.

तेरा कमी पडतात, मी म्हटलं.
त्याने बोटं मोजली नाहीत, नावं घेतली.
रामश्रीला मुलगा, बैजंतीला जुळ्या,
पंचमच्या घरी दोन सुना आल्या त्या धरल्या का?
अशी बरीच. मग थांबून,
सोळा जास्तीचे झाले, बाईसाब.
गेलेले वजा करून.
गेंदालाही वजा केलंय, मागच्या भादव्यातली.
ती कशी गेली ते मी विचारलं नाही.
नाला मी पाहिलाय.

मग सांगावंच लागलं,
गणती जुनी आहे.
तुमची जी पोरं आता पाढे म्हणतात
ती दिल्लीत अजून जन्मायची आहेत.

तो हसला नाही, रागावलाही नाही.
म्हणाला, मग आम्ही तोवर पोहायला शिकवतो त्यांना.
आणि सुट्टी संपायच्या आत निघून गेला,
माझा डबा तसाच उघडा.

मार्चअखेर कमान उभी राहिली, नाक्याजवळ,
दोन्ही बाजूंनी सारखंच स्वागत करणारी.
उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं. शाबासकीचा मेल आला.
चार ट्रॉल्या खडी उरली होती.

ती कुठे गेली, हे नोंदवहीत लिहायचं राहिलंय.
अजून विचारलं नाही कुणी.