कासव

कुताइसीत, चांभाराच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही जमतो.
बारा पट, नऊ घड्याळं, एकच हीटर.
तो ज्याच्या पायाशी त्याला चाली लवकर सुचतात
असा सगळ्यांचा समज.

गेल्या गुरुवारी तो माझ्या पायाशी होता. तरी हरलो.

लामारा निवृत्त ट्रॉलीबसचालक.
मोहरा हलवते तोसुद्धा
आधी आरशात बघितल्यासारखी.
सोळाव्या चालीला तिनं कासव उचललं,
उंटाला आमच्याकडे हेच म्हणतात,
आणि एका दमात सगळा पट ओलांडून
माझ्या राजाच्या कुशीतलं प्यादं मारून
तिथंच ठेवलं. फुकट. शह.
घेतलं मी. कोण नाही घेणार?
मग घोडा आला.
मग वजीर, पार कडेला जाऊन उभा.
राजाला वाट हवी म्हणून मी हत्ती सरकवला
आणि त्याच वाटेनं राजा निघाला,
अनवाणी,
आपल्याच माणसांच्या दाटीत मरायला.

घरी मझियानं मक्याची भाकरी गरम केली.
ताट बाजूला सारून पट मांडला.
वजीर मागे, घोडा मागे,
मेलेली प्यादी एकेक उठून बसली.
दीड वाजता दिसलं.
हत्ती नव्हे. कासव!
माझं, पांढऱ्या घरातलं,
डाव सुरू झाल्यापासून जागचं न हललेलं.
तीन घरं तिरकं आलं असतं, बस,
तर वजिराची वाट अडली असती
आणि एक मोहरा माझ्याकडे जास्त.
मझियाला उठवावंसं वाटलं. उठवलं नाही.
भाकरी तोवर दगड झाली होती.

या गुरुवारी लवकर गेलो.
चाली लिहिलेला कागद तिच्यापुढे ठेवला.
तिनं चष्मा लावला,
बोटानं ओळी मोजत खाली आली,
चष्मा काढला.
"बरोबर आहे, नुगझार.
मला उचलतानाच दिसलं होतं."
"मग टाकलंस कशाला?"
"बावीस वर्षं खेळतेय तुझ्याशी,"
ती म्हणाली, आणि थंड हिरव्या लिंबूपाण्याचं
झाकण टेबलाच्या कडेवर ठोकून उघडलं.

खाली चांभार खिळे मारत होता.
तिनं हीटर पायानं माझ्याकडे ढकलला.
काळे मोहरे पुन्हा माझेच.
मी कासवाला हात लावला,
चालायला नव्हे, डाव कुठे सुरू झाला होता,
जरा नीट बसवायला,
त्याच्या घराच्या बरोब्बर मध्यभागी.