दोन घंट्या

एजन्सीच्या फॉर्मवर एक रकाना होता :
स्वतःचे वाहन आहे का?
मी लिहिलं, आहे. दोन पाय, सात नंबरची चप्पल.
मॅडम हसल्या. म्हणाल्या, गमतीदार आहात मेहमूदाताई.
मग खोडून ‘नाही’ केलं.

यावलहून पहिली गाडी सहा-पंचवीसला.
पिशवीत बीपीचं मशीन, हातमोजे, पावडरचा डबा,
कळण्याची भाकरी, आणि उन्हासाठी एक कांदा.
बाईचं तिकीट अर्धं झालंय आता,
रस्ता मात्र अख्खाच आहे.
फैजपूरला उतरायचं, मग काळी-पिवळी.
बस वं माय, भरली की निघालोच.
भरते केव्हा, ते बाजाराला विचारा.
त्यात केळीचा ट्रक आला की सगळे बाजूला.
केळी काळी पडू नये म्हणून रस्ता मोकळा होतो.
मी उन्हात काळी पडले
तर कुणी हॉर्न वाजवत नाही.

पगार मोजतात तो उंबरा ओलांडल्यापासून.
फाट्यावर उभी असते ते तास कुणाचे,
मी कधी विचारलं नाही.
म्हणजे, विचारलं एकदा.
ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या.
मी बघते.
निंबाची सावली पानटपरीपासून
पंक्चरवाल्याच्या टबापर्यंत सरकते, तेही बघते.

न्हावीला तोताराम नेहेते.
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर.
आता उजवी बाजू गेली, वाचा गेली.
ज्या हातानं तिकिटं फाडली
तो मी रोज कोमट पाण्यानं पुसते,
बोटं एकेक करून उघडते.
ती पुन्हा मिटतात,
जणू आत कुणाचे तरी सुटे पैसे राहिलेत.
पाठीवर एक व्रण नाही, दोन वर्षांत.
याचा मला गर्व आहे,
पण गाडीत शेजारणीला सांगावा असा तो नाही.
मुलगा पुण्याहून व्हिडिओ लावतो :
बाबा, ताई वेळेवर येतात ना?
बाबा त्याच्याकडे बघत नाहीत, घड्याळाकडे बघतात.

एप्रिलात एके दिवशी गाडी आलीच नाही.
मी पोचले साडेअकराला.
अंथरूण ओलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून.
सून शाळेत शिकवायला गेलेली.
चादर ओढून काढता काढता बोलले,
सहा-पंचवीस रद्द केली बाबा, डेपोत गाडीच नाही म्हणे.
त्यांच्या घशातून असा आवाज निघाला
की वाटलं, दुसरा झटका.
तो राग होता.
कितीतरी वेळानं समजलं, माझ्यावरचा नव्हता.

त्या संध्याकाळी पाच-चाळीसला
डाव्या हातात पेजेचा चमचा होता.
खाटेच्या लोखंडी दांड्यावर
टण टण.
मला काही कळेना. पाणी? पाट लावू?
पुन्हा टण टण, आणि दाराकडे नजर.
एक घंटी थांब, दोन घंट्या चल.
सावद्याची गाडी फाट्यावर सहाला दहा कमी असताना येते,
हे त्यांच्याशिवाय त्या घरात कुणाला माहीत असणार?

हर्षला म्हणाली, ड्युटी सहापर्यंत आहे ना?
टण टण.
मामंजी, अहो पैसे सहापर्यंतचे देतो आपण.
टण टण. टण टण.
चमचा वाकला, सासरा नाही.
रोज हेच. मी आपली मान खाली घालून
हातमोजे उलटे करत बसायची.

मे महिन्यात एकदा ती काहीच बोलली नाही.
खुंटीवरची चावी घेतली, स्कुटी काढली.
बसा, म्हणाली, फाट्यापर्यंत सोडते.
केळीच्या बागांतून ओलसर वारा येत होता,
चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्या रस्त्याला
पाय न टेकता गेले.
पुलाजवळ तिनं वेग कमी केला,
मागे न वळता विचारलं :
ताई, तुम्ही इकडे असता,
तर घरी तुमच्या आईचं कोण करतं?

फाटा आला होता.
गाडीही.