गाळलेलं वाक्य

हानेके आली तेव्हा बोडीत पाणी मांडीएवढं होतं
आणि बेशरम डोक्याच्या वर.
साकोलीहून तिला मीच आणली, मोटरसायकलवर,
तिची पाठपिशवी पुढे टाकीवर, ती मागे.
बारा दिवसांची सुट्टी काढून आली होती.
दुभाष्या म्हणून मला दिवसाचे पाचशे.
एम. ए.ला इंग्रजी होतं, त्याचा उपयोग हा पहिलाच.

पहिल्या संध्याकाळी दुर्पताबाई म्हणाली,
"इचारून पाय बरं, इले रोजी किती भेटते?"
विचारलं. उत्तर आणलं:
भेटत नाही. उलट भरून आली. विमानाचे वेगळे.
समाजमंदिराच्या ओट्यावर सोळा ढिवरणी
एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग अशा हसल्या
की बोडीतल्या टिबुकल्यांनी बुडी मारली.
"आमचं बी भरते ना बाप्पा," सयत्रा म्हणाली,
"पाठ भरते, पाय भरते."
हे मी इंग्रजीत नेलं. विनोद वाटेतच मेला.
हानेके तरीही हसली, पाहुण्यासारखी.

सकाळी सहाला सगळ्या पाण्यात.
बेशरम कापून भागत नाही,
मुळासकट उपटावी लागते,
एक कांडी चिखलात राहिली की तिथूनच फुटते,
हे दुर्पताबाईने तिला हातांनीच सांगितलं.
मी काठावर उभा, पाचशे रुपयांचा.
दुसऱ्या दिवशी तिचे हातमोजे फाटले.
चौथ्या दिवशी पोटरीला जळू.
किंचाळली नाही.
दुर्पताबाईने चिमूटभर मीठ टाकलं
आणि ती कशी आखडते
ते दोघी वाकून बघत बसल्या,
एकाच इयत्तेतल्या असाव्यात तशा.

मग गाद लावली, देवधान लावलं,
मासोळी अंडी घालते त्या गवतांचं.
तुमच्याकडे आहे का पाणी?
ती म्हणाली, आमचं गाव समुद्राच्या खाली आहे,
बांध घालून राहतो.
"खाली?"
दुर्पताबाईने वर आभाळात बघितलं,
एखादा डोंगा दिसतो का म्हणून.

दहाव्या रात्री चुलीपाशी हानेकेने फोनमधला बाप दाखवला.
एक्याऐंशी वर्षांचा, एकटा,
गळ्यात दोरीला एक बटण.
पडला तर दाबायचं.
"मंग कोन येते?"
गाडी येते.
"गाडीतून कोन येते?"
ज्याची पाळी असेल तो.

दुर्पताबाईने एक लाकूड आत सारलं,
दुसरं बाहेर ओढलं. मग म्हणाली,
"इले सांग, रोवणी झाली का मी येतो पंधरा दिवस.
भरत गिरत काई नाई मी. पन येतो.
तुह्या बापापाशी बसतो. बोटरी रांधून चारतो.
भाषा नाई समजत तं नाई समजत,
बसाले भाषा काहाले लागते?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मी इंग्रजीत म्हणालो,
ही म्हणते, तुझ्या वडिलांचा चेहरा मायाळू आहे.

तिला लागेल असं वाटलं म्हणून, असं मी पुढे
स्वतःला सांगत आलो.
खरं तर लाज वाटली. कुणाची,
ते अजून नक्की नाही.

हानेकेचे डोळे भरले.
"धन्यवाद," ती म्हणाली, आम्हीच शिकवलेल्या मराठीत,
आणि दुर्पताबाईने मान हलवली,
सोयरीक ठरल्यावर हलवतात तशी.

तेराव्या दिवशी मी तिला साकोलीला सोडलं.
फाटके हातमोजे सयत्राने धुऊन
भाजीच्या वेलाखाली काठीला अडकवले,
पाखरं बिचकतात.

आता रोवणी संपली.
बोडी काठोकाठ आहे, देवधान वर आलं आहे,
आणि उगवतीच्या कोपऱ्यात,
जिथे आपण सगळं उपटलं असं वाटलं होतं,
जांभळी फुलं.

काल दुर्पताबाई दारात येऊन उभी राहिली,
पायांना चिखल, हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत आधार कार्ड.
"पासपोटाले हे लागते म्हने.
फोटो जुना हाय माहा. चालते ना?"