नावापुरतं

साखरी नाटे. सोसायटीच्या माडीवर,
बर्फाच्या पावत्यांच्या कपाटावर
तो सर्व्हर मीच बसवला. जुना कॉम्प्युटर, नवी डिस्क,
खारी हवा लागू नये म्हणून वर प्लास्टिकची टोपली.
परक्याच्या गोदामात आपले कागद कशाला,
असं भर सभेत म्हणाले होते मी.

लाँचचे परवाने, डिझेलच्या परताव्याचे अर्ज,
खलाशांची आधारकार्डं,
आणि प्रत्येक तांडेलाला एक कप्पा, त्याची चावी त्याच्यापाशी.

दुरुस्ती आली होती, नारळीपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात.
खाली बारीक अक्षरात: कुलूपबंद फाइलचं नाव बाहेर दिसू शकतं.
नावच ना, म्हटलं. 'नंतर आठवण करा' दाबलं
आणि जाळ्यांच्या बिलांकडे वळले.

मुबीन होडेकर डिझेलचा अर्ज शोधत आला.
पत्त्यात एक आकडा चुकला त्याचा.
सर्व्हरने दार उघडलं नाही. अगदी नियमाने
लाल चौकटीत सांगितलं:
तुम्हाला ही फाइल पाहण्याची परवानगी नाही,
'घोळीची जागा - मुबीनला देऊ नये'.

आत काय असणार? अक्षांश, रेखांश,
किती वाव पाणी, तळाला खडप की रेव.
ते सगळं शाबूत राहिलं. एकही आकडा गळला नाही.
अहवालात मी तसंच लिहिलं: नुकसान किरकोळ.

मुबीन बराच वेळ माउस धरून बसला.
मग म्हणाला, म्हणून अब्बा मला त्या बाजूला गेलो की
खाली पाठवतात, चहा टाकायला.
अकरा वर्षं.

त्या रात्री दुरुस्ती बसवली.
आता कुलपाशी कोणी आलं
तर सर्व्हर म्हणतो: असं इथे काही नाही.
खोटंच ते. पण यंत्रांमध्ये
हाच सभ्यपणा समजतात.
अब्बास तांडेलही घरी हेच म्हणाले असतील.

काल मुबीन परत आला. अर्ज नव्हता, काम नव्हतं.
खिडकीतून जेटीकडे बघत विचारलं,
दहा जणांचा चहा, भर वाऱ्यात,
उकळायला किती मिनिटं धरायची?
आणि इंजिन अर्ध्यावर असलं
तर तेवढ्यात लाँच किती पुढे जाते?

मी आठवत राहिले,
याच्यावर काही दुरुस्ती आली होती का.