दोन डावे

तपासणी केंद्राच्या रोलरवर
मागची दोन चाकं चढवली
आणि कागद बाहेर आला:
डावं एक पूर्णांक आठ, उजवं शून्य पूर्णांक सात.
खाली शिक्का. नापास.
आर्त्तूनं तो कागद घडी न घालता आणला,
एक्स-रे आणावा तसा, दोन्ही हातांनी.

गाडी त्याच्या मामाची, राउनोची.
वीस वर्षांची हॅचबॅक, चार बोटं खाली बसवलेली,
सायलेन्सर असा की अख्ख्या कुओर्तानेला कळावं
पोरगं दूध आणायला निघालंय.
मागे मुळात ड्रम होते. राउनोनं ते काढून
भंगारातल्या थोरल्या गाडीच्या डिस्क बसवल्या,
कॅलिपर लाल रंगवले. दोन हात दिले रंगाचे.

आधी मी सगळे करतात तेच केलं.
पॅड बदलले. पिना घासल्या, ग्रीस भरलं.
उजवीकडचा रबरी होज बदलला,
तो बिचारा निर्दोष निघाला.
तीनदा ब्रेकची हवा काढली:
आर्त्तू पेडलवर, मी खाली पाठीवर,
दाब. दाबलाय. सोड.
बाटलीत नितळ तेल, एक बुडबुडा नाही.
पेडल जरा मऊ, पण जुन्या गाडीचं असतंच,
असं मी म्हणाले. लिहून ठेवते, मीच म्हणाले.

शेवटी गाडी तळ्यावर नेली.
फेब्रुवारी. बर्फ हातभर जाड.
लांब एक म्हातारा भोकात गळ सोडून बसला होता,
त्यानं मान वर केली, परत खाली घातली.
मी लांबट वळण घेतलं,
म्हणजे मागच्या चाकांची वाट पुढच्यांपासून सुटते,
आणि पेडल हलकंच दाबलं.

उतरून पाहिलं.
डाव्या टायरच्या खिळ्यांनी रेघा ओढल्या होत्या.
उजव्यानं नुसती टिंबं.
टिंब, टिंब, टिंब,
वाक्य पुरं न करणाऱ्या माणसासारखी.

मग नुसता हँडब्रेक ओढला.
दोन्हीकडे रेघा. सारख्या.
म्हणजे तारेनं ओढलं की उजवं ऐकतं,
तेलानं सांगितलं की नाही.
नाकात श्वास गोठत होता. आर्त्तू म्हणाला, चला ना.

गॅरेजात लिफ्टवर घेतली
आणि हात न लावता पाहत राहिले.
पाहणं हे काम आहे, पण त्याचं बिल लावता येत नाही.
डाव्या कॅलिपरचं हवा काढायचं निपल वर, असायला हवं तिथे.
उजव्याचं खाली.
केबलला एक विचित्र वळसा,
वळशासाठी राउनोनं वेल्ड केलेला कंस,
आणि वेल्ड इतकं सुरेख
की तिथे ते का आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

दोन्ही कॅलिपर डावेच होते.

हवा वर जाते. तिचं दार खाली होतं.
पेडल काही डावं-उजवं करत नाही,
दोघांना सारखंच वाढतं;
एकाच्या पोटात आधीच वारा भरलेला.
आणि आम्ही तीनदा त्याच्या पायाशी भांडं धरून
म्हणत होतो, याला काही झालेलं नाही.

बोल्ट सोडून कॅलिपर उलटा धरला,
पॅडमध्ये लाकडाची चीप, पान्याच्या दांड्यानं दोन टिचक्या.
एक मोठा बुडबुडा आला, ढेकर दिल्यासारखा.
मग बारीक बारीक, बराच वेळ.
आर्त्तू मोजत होता. एकतीसनंतर थांबला.

संध्याकाळी राउनो आला.
त्याचं दुधाचं टँकर बाहेर घुरघुरत होतं.
मी काही बोलले नाही, टेबलाकडे हात केला.
तो वाकला. टोपी काढली, परत घातली.

दोन्ही डावे?
दोन्ही डावे.
स्वस्त मिळाले होते, तो म्हणाला.

मग बऱ्याच वेळानं, लाल रंग नखानं खरवडत:

ते दोन उजवे कुणी नेले असतील?