कच्चं लिंबू, अहमदी

अहमदीच्या या कोर्सवर गवत नाही.
तेल पाजून बसवलेली वाळू. ग्रीनला इथे ब्राउन म्हणतात,
आणि हिरवळ ज्याची त्याच्या पिशवीत:
वीतभर प्लास्टिकचा गालिचा.
चेंडू पडेल तिथे अंथरायचा, मारायचं, गुंडाळून पुढे.
सत्तावीस वर्षं मी इथे दुसरं काय केलं?

माझा हँडिकॅप चोवीस, बू तलालचा सहा.
म्हणजे पहिला चेंडू उडायच्या आत
अठरा फटके तो माझ्या पदरात टाकतो,
भोकागणिक एक.

चिपळूणला विषामृत खेळताना
मी कच्चं लिंबू.
आउट झालो तरी आउट नाही,
पकडलं तरी राज्य नाही.
ती दया होती, तिला आकडा नव्हता.
इथे दयेलाही दशांश चिन्ह आहे:
तेवीस पूर्णांक सात.

आकडे सांभाळणारा विजेरत्ने म्हणाला,
"शेवटचे वीस डाव घेतो. त्यातले उत्तम आठ धरतो."
आणि बाकीचे बारा?
"सोडून देतो."
म्हणजे ही माझी सरासरी नव्हेच,
चांगल्या दिवशी मी कितपत चांगला, एवढंच.
प्लँटवरच्या माझ्या फायलीत
एकच गळका व्हॉल्व्ह आहे, दोन हजार नऊचा,
लाल शाईत.

काही जण मुद्दाम चुकतात म्हणे,
आकडा फुगवतात, आणि चषकाच्या दिवशी वाघ होतात.
मला ते जमलं नसतं.
मी मनापासून चुकतो.

गेल्या शुक्रवारी, सातव्या भोकावर
डोळ्यांत धूळ, चेंडू दिसेना,
आणि तो चौथ्या फटक्यात आत.
"बार! बेडणेकर, बार!" बू तलाल ओरडला.
त्याच्या अरबीत प नाही,
माझं आडनावही त्यात अर्धंच मावतं.

दिवसाअखेर एक्याण्णव. आजवरचा माझा सर्वांत कमी.
पेन्सिल खिशात ठेवत तो म्हणाला,
"आता तू तेवीस. पुढच्या वेळी एक फटका कमी देईन."
वाटलं, ही कसली शिक्षा?

मग आठवलं,
अंगणात दिवेलागण, धापा टाकणारी नलूताई,
माझी कॉलर तिच्या मुठीत:
"आजपासून याच्यावरसुद्धा राज्य!"

पकडला गेलो होतो,
आणि घरभर नाचत सांगत सुटलो होतो.