एकोणपन्नासनंतर

शताब्दीचा इतिहास लिहायचा म्हणून
मठाची वही उघडली,
तर एकोणपन्नासनंतर चाळीस वर्षं कोरी.

सिस्टर ब्रोने बोळकं पसरून हसल्या.
"लिहून सापडायचं होतं?"

तेव्हा त्या काउनासला, मोज्यांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
झगा नाही, क्रूस नाही.
जपमाळ पावाच्या गोळ्यांची;
झडती आली की गिळायची.
शेजारचं कुणी गेलं की आंघोळ घालायची,
मागे राहिलेल्या पोरांना, बटाटे सोलता सोलता,
पडदा ओढून क्रूसाची खूण शिकवायची.
खोलीतली एल्झ्ब्येता आपल्याच संघातली
हे कळायला सहा वर्षं गेली.

"मग लिहू काय?"

कोऱ्या पानावरून त्यांनी अंगठा फिरवला,
टाचेची वीण तपासावी तसा.
"लिही, मोजे विणले.
मोजले नाहीत."